टॉमचा कोपरा

आमच्या मजल्यावर आता शांतता आहे आणि मला ती मुळीच आवडत नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये नवं जोडपं आलंय. चांगली माणसं आहेत बिचारी. लिफ्टमध्ये हसतात, दिवाळीला चकल्या दिल्या तर डब्यात चॉकलेटं घालून डबा परत केला. पण दार बंद. सकाळी बंद, संध्याकाळी बंद, बाहेर बुटांचं कपाट आणि वर कॅमेरा. येताजाता माझी मान सवयीने तिकडे वळते आणि बंद दार बघून परत येते.

विनी आंटी होत्या तेव्हा ते दार सताड उघडं असायचं. सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये पुष्कळांची दारं दिवसा उघडी असतात, लोखंडी जाळीचं गेट तेवढं लावलेलं, वारा खेळावा म्हणून. आंटींच्या दाराला वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पाऊस आडवा येऊन हॉलमधली फरशी भिजली तरी दार उघडं. शेजारच्या देशातून जंगलं जळल्याचा धूर आला आणि अख्ख्या सिंगापूरने खिडक्या लावून घेतल्या, तरी उघडं. आणि त्या दाराकडे तोंड करून, जेवणाच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत आंटी. भाजी चिरायची तर तिथे, पेपर वाचायचा तर तिथे, डुलकी काढायची तर तीही तिथेच. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की मान वर. मी दिसले की मान पुन्हा खाली.

"ओह. तूच होय."

आता मला सांगा, कामावरून दमून आलेल्या माणसाचं असं स्वागत कुणी करतं का? मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर परक्यांची रक्तं तपासायची, एमआरटीच्या मेट्रोत उभ्याने यायचं आणि शेजारणीने रोज "तूच होय" म्हणून तोंड पाडायचं! पहिलं वर्षभर मला त्यांचा भयंकर राग यायचा. नवऱ्याला, शिरीषला, मी म्हणायचे, "ही बाई कुणा राजपुत्राची वाट बघतेय कोण जाणे." शिरीष लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणायचा, "विचार की मग तिलाच."

एकदा विचारलं. त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं, "भावाची."

आंटी दिसायला चिनी. बुटक्या, काटक, पांढरे केस पुरुषी कापलेले. डोळे मात्र राखाडी होते, आणि ते कुठून आले हे सांगायची संधी त्या कधी सोडत नसत. त्यांचे आजोबा कॉर्नवॉलचे. मी एकदा "म्हणजे इंग्लंडचे" म्हणून गेले तर हातातली सुरी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी तुला मद्रासी म्हणते का?" तेव्हापासून जीभ आवरली. इंग्लंडच्या पायथ्याशी जमिनीची जी शेपटी समुद्रात जाते, ती म्हणजे कॉर्नवॉल. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या कथलाच्या खाणीत उतरणारे. तिथल्या खाणी बंद पडल्या तशी ती माणसं जगभर पांगली. जिथे जमिनीला भोक पाडायचं असेल तिथे जायची. आंटींचे आजोबा मलायात आले. तिथे नदीच्या पाण्यात लाकडी परात फिरवून कथलाची वाळू वेगळी करणारी एक कँटोनीज बाई होती, ती आंटींची आजी. त्यांचं लग्न झालं होतं का, हे विचारायचं नाही. आंटींचे वडील पुढे सिंगापूरला आले आणि इथे सेम्बावांगच्या नौदलाच्या गोदीत लागले. आंटी इथेच जन्मल्या आणि कॉर्नवॉल त्यांनी जन्मात कधी पाहिलं नाही.

आणि तरी कॉर्नवॉल त्यांच्याइतकं तिथल्या कुणी जपलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या हॉलमध्ये दर महिन्याला एक सभा भरायची. इथे राहून गेलेल्या कॉर्निश खाणवाल्यांच्या वंशजांची सोसायटी. आंटींच्या वडलांनी सुरू केलेली. एके काळी म्हणे टेबल पुरत नसे. मी राहायला आले तोवर कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं होतं, पुष्कळसे देवाघरी, आणि सभेला उरले होते दोघं: अध्यक्ष विनी आंटी आणि सेक्रेटरी डेझमंड अंकल. हे अंकल जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डातून निवृत्त झालेले, आडव्या अंगाचे, गोड माणूस. दोघंच असली तरी सगळं कसं रीतसर. अंकल उभे राहून हजेरी घ्यायचे.

"विनी?"

"हजर."

"डेझमंड? मी हजर." मग घसा साफ करून, जरा हळू आवाजात, "टॉम?"

"उशीर होतोय," आंटी म्हणायच्या. स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तितक्या सहज.

सोसायटीचा नियम होता की तिघं असल्याशिवाय सभा भरत नाही. टॉमला धरून ती तिघं होत होती.

टॉम म्हणजे आंटींचा थोरला भाऊ. ब्रिटिश नौदल सेम्बावांग सोडून गेलं तेव्हा गोदीतल्या कितीतरी पोरांना पुढे काय करावं ते सुचेना. टॉमच्या अंगात आजोबांचं रक्त उसळलं. तो ऑस्ट्रेलियाच्या खाणींकडे निघाला. निघायच्या दुपारी आंटींनी त्याला पेस्टी करून दिली.

ही पेस्टी म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिच्याभोवतीच आहे. तळहाताहून मोठी, ओव्हनमध्ये भाजलेली करंजीच समजा. आत मांस, बटाटा, कांदा, सलगम. माझ्यासाठी मांसाशिवाय. काठाला जाडजूड मुरड. खाणीत उतरणाऱ्याच्या डब्यात ही असायची, आणि प्रत्येकाच्या पेस्टीच्या एका कोपऱ्यावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर कणकेचंच करून चिकटवलेलं असायचं. खायला सुरुवात करायची ती दुसऱ्या टोकाने. अर्धी खाऊन कामाला गेलात तर उरलेला तुकडा कुणाचा हे अक्षरावरून कळतं आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. अगदी शेवटचा घास खाणीतल्या 'नॉकर्स'ना टाकायचा. नॉकर्स म्हणजे खाणीत मेलेल्या माणसांचे जीव. ते आतून भिंतीवर टकटक करतात, दरड कोसळणार असली की जित्यांना सावध करतात.

टॉमने त्या दुपारी अर्धी पेस्टी खाल्ली, घड्याळ बघितलं, उठला आणि अक्षराकडचा तुकडा ताटात ठेवून म्हणाला, "विनी, माझा कोपरा ठेव हं. आल्यावर खाईन."

दोन पोस्टकार्डं आली. मग काही नाही. ना पत्र, ना निरोप, ना मेल्याची खबर. आंटींनी लिहायचं तिथे लिहून पाहिलं, विचारायचं त्याला विचारून पाहिलं. आणि त्याचा कोपरा ठेवला. दर मार्चमध्ये, कॉर्नवॉलच्या संताच्या दिवशी, सोसायटीचं मोठं जेवण व्हायचं, त्यात टॉमच्या नावाची ताजी पेस्टी व्हायची. ती दाराजवळच्या खुर्चीपुढे मांडायची. जेवण झालं की फ्रीझरमध्ये. पुढच्या मार्चमध्ये नवी आत, जुनी बाहेर. भाऊ यायचा तेव्हा येवो, त्याचा कोपरा घरात आहे. लग्न त्यांनी केलं नाही. एकदा सहज म्हणाल्या, "लग्न केलं असतं तर घर बदलावं लागलं असतं ना. मग त्याला सापडलं कसं असतं?" तो जुना पत्ता म्हणजे सरकारने कधीच पाडलेली वाडी होती, फ्लॅट नव्हता, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

स्वभावाने मात्र रडूबाई नव्हत्या बरं का! एकदम खट. त्यांच्या पेस्टीला कुणी 'करी पफ' म्हटलं की संपलंच. आणि सगळेच म्हणायचे, कारण इथे कोपऱ्याकोपऱ्यावर करी पफ मिळतो आणि दिसायला दोन्ही भावंडं. खालच्या कॉफीशॉपमधला काका मुद्दाम ओरडायचा, "आंटी, आज करी पफ किती केले?" आंटी मागे न बघता म्हणायच्या, "तुझ्या अकलेपेक्षा जास्त." डेझमंड अंकल स्वतःच्या पेस्टीत गुपचूप सांबल, म्हणजे इथला मिरचीचा ठेचा, घालून खायचे. आंटींना ते ठाऊक होतं. त्या फक्त तेवढ्या वेळापुरत्या खिडकीबाहेर बघायच्या.

कॉर्नवॉलचा झेंडा काळा, त्यावर पांढरा क्रॉस. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय दिनासाठी सगळा ब्लॉक लाल-पांढऱ्या झेंड्यांनी सजला की आंटी सिंगापूरचा झेंडा लावायच्या, आणि मार्चमध्ये त्याच जागी हा काळा. एका वर्षी कुणीतरी तक्रार केली. एक कोवळा अधिकारी टॅबलेट घेऊन आला. परक्या देशाचा झेंडा असा लावता येत नाही म्हणाला.

"हा देशाचा नाहीच मुळी," आंटी म्हणाल्या.

"मग कुणाचा आहे, आंटी?"

"तेच तर आमचं दुखणं आहे. बस. पेस्टी खातोस?"

तो बसला. खाल्ली. जाताना त्याने टॅबलेटवर काय लिहिलं देव जाणे. झेंडा राहिला.

हसू यायचं, पण त्या घरात हसता हसता मध्येच काहीतरी थंड व्हायचं. दुपारचं ऊन हॉलमध्ये पसरलेलं, पंखा फिरतोय, आणि ती दाराजवळची खुर्ची रिकामी. ती खुर्ची टेबलापासून किंचित सरकवून ठेवलेली असायची, माणूस हात धुवायला उठावा तशी. मी तिच्यावर कधी पर्ससुद्धा ठेवली नाही. एकदा शिरीष वायफाय बघायला गेला आणि चुकून तिच्यावर बसणार तोच आंटींनी नुसतं "ए" म्हटलं. तो उभ्यानेच काम करून आला. घरी येऊन म्हणाला, "मीनल, ती खुर्ची गरम होती गं." मी म्हटलं, ऊन येतं तिथे. ऊन तिथे येत नव्हतं, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

आणि ते आवाज. इथल्या फ्लॅटमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा. वरच्या मजल्यावर कुणीतरी गोट्या सांडल्यासारखा आवाज येतो. टक, टक, टकटकटक. कुणी म्हणतं पाइपमधली हवा, कुणी म्हणतं काँक्रीट आक्रसतं. आमचा मजला तर सगळ्यात वरचा, डोक्यावर नुसतं छप्पर. तरी यायचा. आंटींनी तो ऐकला की हातातलं काम थांबवून बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा वाजवायच्या.

"नॉकर्स," त्या म्हणायच्या. "विचारतायत, सगळे वर आले का."

"मग तुम्ही काय सांगता?"

"एक राहिलाय म्हणून."

ती भिंत आम्हां दोघींची सामाईक होती. मी माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असले की पलीकडून ते दोन टकटक ऐकू यायचे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा लाटणं हातातून निसटलं. मग सवय झाली. सवय झाली याचीच नंतर भीती वाटायला लागली.

सोसायटीत कुणी गेलं की एक रीत होती. त्या वर्षी त्याच्या अक्षराची पेस्टी शेवटची करायची आणि टेबलावर न मांडता स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. घरचं जवळचं माणूस कोऱ्या टोकाचा एक घास खायचं आणि म्हणायचं, "शिफ्ट संपली. वर ये." मग तो माणूस मोकळा. हे रक्ताच्या माणसानेच म्हणायचं, दुसऱ्याने म्हटलेलं पोचत नाही. डेझमंड अंकलनी बायकोसाठी म्हटलं नव्हतं, तिच्या बहिणीने म्हटलं, इतकं कडक.

एकदा लिफ्टपाशी अंकल मला म्हणाले, "मीनल, विनीने टॉमला खिडकीत ठेवला पाहिजे. तिच्याशिवाय त्याला रक्ताचं कुणी नाही. ती आधी गेली तर तो कायमचा खालीच राहील."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

अंकल लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. "मी कसा सांगू? टॉम गेला की आम्ही दोघंच उरतो. दोघांची सभा होत नाही. सोसायटीला मीच कुलूप लावल्यासारखं होईल."

म्हणजे अशी कोंडी. आंटींनी भावाला सोडावं तर वडलांची सोसायटी संपली. न सोडावं तर भाऊ अधांतरी, आणि ह्यांचं वय झालेलं.

ती कोंडी फोडली आमच्या सासूबाईंनी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि विचारलं तर त्याहून नव्हतं! साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. इंग्रजी अजिबात नाही. पण पहिल्याच आठवड्यात त्या शेजारी जाऊन बसायला लागल्या. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर, एक मराठीत बोलतेय, एक इंग्रजीत, आणि दोघी मान डोलावतायत. मी विचारलं, "आई, काय बोलता तुम्ही?" तर म्हणे, "गुडघ्यांचं."

मार्चच्या जेवणाच्या आदल्या दिवशी आंटी पेस्ट्या करत होत्या. सासूबाईंनी थोडा वेळ बघितलं, मग हात धुऊन सरळ कणीक ओढली आणि मुरड घालायला बसल्या. काय मुरड! वेणी घातल्यासारखी. आंटींनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली, स्वतःची बघितली आणि पहिल्यांदाच मी त्यांना हरलेलं पाहिलं.

"हिला सांग," सासूबाई मला म्हणाल्या, "आमच्याकडे गौरी परत निघाल्या की त्यांना मुरडीचा कानवला देतात. मुरड घातली की जाणारं माणूस मागे वळतं. पुन्हा येतं."

मी सांगितलं. आंटींचे हात थांबले.

"येतं?" त्यांनी विचारलं.

"गौरी दरवर्षी येते की," सासूबाई म्हणाल्या. माणसांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवायला आम्ही बसलो. आम्हां पाहुण्यांच्या पेस्टीवर अक्षर नसायचं, ते फक्त सभासदांना. आठ वर्षं मी त्या टेबलावर बिनअक्षराची जेवले. अंकलनी हजेरी घेतली, टॉमला उशीर होत होता. सासूबाई माझ्याकडे झुकल्या.

"अगं, ते पान कुणाचं?"

"त्यांच्या भावाचं. हरवलाय."

"कधीपासून?"

"आई, आंटी तरुण होत्या तेव्हापासून."

सासूबाईंनी त्या खुर्चीकडे बघितलं. नुसत्या खुर्चीकडे नाही, खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघावं तसं, जरा वर. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं त्याला पानावर बसवून ठेवलंय?" त्या म्हणाल्या. "आणि ऊठ कुणी म्हटलं नाही? अगं, किती अवघडला असेल गं तो!"

आणि काय होतंय ते मला कळायच्या आत त्या उठल्या, टॉमचं ताट उचललं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवलं. आपलं जसं कावळ्यासाठी पान ठेवतो तसं. त्यांना त्या खिडकीचा अर्थ कुठून ठाऊक असणार? खिडकीबाहेर वाकून त्या वर मला विचारतायत, "इथे कावळे कुठे दिसत नाहीत गं?"

अंकल अर्धवट उठून तसेच राहिले. आंटी उठल्या, ताट परत आणलं, खुर्चीपुढे ठेवलं, बोटाने सरळ केलं. सासूबाईंकडे एकदाही बघितलं नाही. त्या दिवशी त्या काही जेवल्या नाहीत. आम्ही निघताना छपरावर गोट्या सांडल्या. आंटींचा हात भिंतीकडे गेला आणि न वाजवताच खाली आला.

मी सासूबाईंवर एवढी चिडले! "आई, कशाला मध्ये पडता दुसऱ्यांच्या घरात?" त्या निमूटपणे पांघरुणाची घडी घालत होत्या. "मी कुठे मध्ये पडले," म्हणाल्या, "मी फक्त पान उचललं."

त्या साताऱ्याला परत गेल्या. आंटी माझ्याशी कित्येक दिवस बोलल्या नाहीत. "तूच होय"सुद्धा नाही. ज्या वाक्याचा मला राग होता त्याच्यासाठी मी कॉरिडॉरमधून मुद्दाम पाय वाजवत जायला लागले. मग एका संध्याकाळी गेटच्या जाळीतून हाक आली.

"गर्ल. तुझी सासू त्या दिवशी काय म्हणाली?"

मी गेटबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. पानावर बसवून ठेवलंय, ऊठ म्हटलं नाही, अवघडला असेल. आंटी ऐकत होत्या.

"आणि उठून त्याला जायला कुठे जागाच नसली तर?"

हे मला झेपणारं नव्हतं. मी तिथल्या तिथे साताऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सासूबाईंचा आवाज सगळ्या कॉरिडॉरभर आला.

"तिला सांग, जागा त्याची तो शोधेल. तिने दार उघडं ठेवावं, बंद नको करू म्हणावं. पण दाराकडे पाठ करून बसावं. आपण बघत राहिलो की जाणाऱ्याचा पाय निघत नाही."

मी भाषांतर केलं. आंटी दाराकडे तोंड करून बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या.

त्या वर्षी पावसाळी दिवसांत त्या खंगत गेल्या. नोव्हेनाला आमच्याच हॉस्पिटलात येऊ लागल्या. मला इथल्या ढंगात, शेवटी 'लाह' लावून बजावलं होतं, "माझं रक्त तुझ्या टेबलावर आलं तर दुसऱ्याला दे. शेजारणीने शेजारणीच्या आत बघू नये, लाह." मी बघितलं नाही. पण लॅबमधल्या मैत्रिणीने ती ट्यूब माझ्या हातून काढून घेतली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला होताच.

मार्च आला. ओव्हनसमोर उभं राहायची ताकद नव्हती, तरी पेस्ट्या त्यांनीच केल्या. मी फक्त ट्रे उचलले. चार होत्या. आंटींची, अंकलची, माझी कोरी, आणि टॉमची. ती ओव्हनमधून काढताना मी म्हटलं, "आंटी, ही उकललीय बघा. सारण बाहेर आलं." मग नीट पाहिलं. तिला मुरडच नव्हती. काठ नुसते बोटांनी दाबलेले होते. कोपऱ्यावर अक्षर होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "मुरड विसरलात?"

"नाही," आंटी म्हणाल्या.

अंकल आले. काळा झेंडा बाहेर लावला होता. अंकल हजेरीला उभे राहिले. विनी, हजर. डेझमंड, हजर. आणि अंकल थांबले. पुढचं नाव त्यांच्या तोंडातून निघेना.

"घे ना नाव," आंटी म्हणाल्या. "तुला कुणी गाळायला सांगितलं?"

"टॉम," अंकल म्हणाले.

आंटी टेबलाला धरून उठल्या. ताट घेतलं. मी पुढे झाले तर हाताने मला मागे सारलं. भिंतीचा आधार घेत त्या खिडकीपर्यंत गेल्या, ताट ठेवलं, कोऱ्या टोकाचा बारीकसा तुकडा मोडून तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या. गिळवत नव्हता त्यांना. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

"टॉम," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "तुझा कोपरा ठेवला होता मी. फार दिवस ठेवला. आता माझ्याने होत नाही रे. शिफ्ट संपली. वर ये."

छपरावर काही वाजलं नाही. आम्ही तिघंही ऐकत होतो.

अंकलनी नाक शिंकरलं आणि ओल्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षा, सभासद पुरेसे नाहीत. सभा भरू शकत नाही."

"मग सभा नाही," आंटी म्हणाल्या. "नुसतं जेवू. सांबल घे, डेझमंड. वर काढ, मला माहितीय खिशात आहे."

मी माझ्या नेहमीच्या जागी बसायला गेले, तर त्यांनी दंडाला धरलं आणि मला त्यांच्या खुर्चीकडे ढकललं. दारासमोरच्या. "तू इथे बस." मला वाटलं होतं, आज कदाचित माझ्याही पेस्टीवर एक अक्षर असेल. नव्हतं. नियम म्हणजे नियम. आणि आंटी वळसा घालून दाराजवळच्या खुर्चीपाशी गेल्या. टॉमच्या. ती त्यांनी टेबलाजवळ ओढून घेतली आणि दाराकडे पाठ करून तिच्यात बसल्या.

त्यानंतर त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि महिन्याभरात त्या गेल्या. मी तिथेही त्यांना भेटले, पण तिथे त्या झोपेतच असायच्या, म्हणून ते मी धरत नाही. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती तीच दुपार. समोर आंटी, पाठीमागे सताड उघडं दार, त्यापलीकडे कॉरिडॉर आणि त्यात पडलेलं पांढरं ऊन. त्या भुकेल्या माणसासारख्या जेवत होत्या. कोऱ्या टोकाकडून सुरुवात करून अक्षराकडे येत होत्या.

तेवढ्यात लिफ्ट उघडल्याचा आवाज झाला. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. पुरुषाची, जड, सावकाश. त्याच उघड्या दाराच्या दिशेने. अंकलचा घास हातात राहिला. पावलं जवळ आली, अगदी जवळ आली. आंटींनी मान वर केली नाही. मागे वळल्या नाहीत. त्यांनी पेस्टीचा पुढचा घास तोडला.

मान वर झाली ती माझी.